डिश एकदाच लावायची, पैसे एकदाच मोजायचे

वैशाखातल्या वळवाने आमच्या वाडीतले दोन पत्रे उडवले आणि शेजारच्या आक्कांच्या घरावरची डिश वाकडी केली. आक्का घरी एकट्या. मुलगा पुण्याला कारखान्यात. दोन म्हशींच्या धारा काढून झाल्या, दूध डेअरीला गेले, की संध्याकाळी टीव्ही हीच काय ती सोबत. त्या दिवशी पडद्यावर नुसतेच 'नो सिग्नल'.

बाजारच्या गावाहून डिश बसवणारा आला. वर चढलासुद्धा नाही. खालूनच म्हणाला, "बॉक्स जळाला. नवा घ्यावा लागंल. आणि आज्जी, दोन महिन्यांचा रिचार्ज राहिलाय."

मी विचारले, "आक्का, कसला रिचार्ज?"

"डिशचा हो भाऊ. म्हैन्याला शंभर. दोन वर्सं झाली, दुधाच्या पैशातनं देते."

घरावरची डिश होती दूरदर्शनच्या फ्री डिशची! तिला महिन्याचे भाडे नसते, रिचार्ज नसतो, वर्गणी नसते. दोन वर्षांत आक्कांचे २,४०० रुपये गेले होते. तेवढ्यात सगळा नवा संच घरी आला असता. गडी कधीच निघून गेला होता. मी शिडी मागवली. खांबाचा एक बोल्ट सैल होऊन डिश वीतभर फिरली होती. पाऊण तासात चित्र आले. बॉक्स धडधाकट होता.

त्या पाऊण तासात जे केले ते कोणाही घरच्या माणसाला जमण्यासारखे आहे. एकदा समजून घेतले की पुन्हा कोणी फसवणार नाही. म्हणून आज तेच लिहितो.

फ्री डिश म्हणजे काय

ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये 'डीडी डायरेक्ट प्लस' या नावाने सुरू झाली. सह्याद्री, डीडी किसान आणि इतर बऱ्याच वाहिन्या तिच्यावर फुकट दिसतात. खाजगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात, म्हणून त्या अधूनमधून बदलतात. एखादी वाहिनी गेली म्हणजे आपला बॉक्स बिघडला असे समजू नये. रिमोटवरून वाहिन्या नव्याने शोधाव्या.

चित्र येते ते जीसॅट-१५ या आपल्या उपग्रहावरून. तो ११ नोव्हेंबर २०१५ रोजी सोडला गेला. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर तो असतो. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याची गती जुळलेली असल्यामुळे आपल्याला तो आकाशात एकाच जागी खिळल्यासारखा असतो. म्हणून डिश एकदा नीट रोखली की वर्षानुवर्षे हलवावी लागत नाही.

काय घ्यावे

साठ सेंटीमीटरची किंवा थोडी मोठी डिश, तिच्या पुढे बसणारा एलएनबी, आरजी-६ जातीची केबल आणि सेट टॉप बॉक्स. बॉक्स एमपीईजी-४ चा आहे ना, हे दुकानात विचारून घ्यावे, कारण जुन्या एमपीईजी-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. सगळा खर्च साधारण दोन हजारांच्या आतबाहेर येतो. पैसे भरायची जुनी डिश स्वतःच्या मालकीची पडून असेल, तर तबकडी बहुधा तीच चालते. दिशा तेवढी बदलावी लागते. केबल सलग एकच तुकडा घ्यावी. जोड दिलेल्या केबलीत पावसाळ्यात पाणी शिरते.

जागा कशी पाहावी

महाराष्ट्रातून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो. होकायंत्रावर पुण्याकडून सुमारे १३२ अंश, कोल्हापूरकडून १२९, तर नागपूरकडून १४४. मोबाइलमधले होकायंत्रही चालते, फक्त ते लोखंडी खांब किंवा पत्र्याजवळ धरू नये. उंची सगळीकडे साधारण ६० अंश. हात लांब करून मूठ धरली की ती आकाशात सुमारे दहा अंश झाकते. क्षितिजापासून एकावर एक सहा मुठी मोजल्या की उपग्रहाची जागा आली. तिथे आंबा, चिंच, नारळ किंवा शेजाऱ्याची माडी आडवी नको.

आणखी एक घरगुती परीक्षा आहे. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी सव्वाअकराच्या सुमारास आणि ऑक्टोबरच्या अगदी सुरुवातीला अकराच्या सुमारास सूर्य नेमका या उपग्रहाच्या मागे येतो. त्या वेळी डिशवर झाडाची सावली पडत असेल, तर ते झाड उपग्रहाच्याही आड येते. त्याच दिवसांत काही मिनिटे चित्र गेले तर घाबरू नये. सूर्य सरकला की ते आपोआप परत येते.

डिश रोखणे

आधी खांब. गवंड्याचा ओळंबा लावून तो दोन्ही बाजूंनी अगदी सरळ उभा करावा आणि पक्का करावा. खांब कलला तर पुढचे सगळे माप चुकते. पत्र्यावर बसवू नये, वाऱ्याने पत्रा थरथरतो. भिंत किंवा स्लॅब बरा.

मग बॉक्स बंद ठेवूनच केबल जोडावी, कारण बॉक्समधून केबलीतूनच एलएनबीला वीज जाते. केबलीच्या जाळीची एखादी तार मधल्या तांब्याच्या तारेला चिकटू देऊ नये. नाहीतर शॉर्ट होते.

टीव्ही सुरू करून बॉक्सच्या मेन्यूत एलएनबीची फ्रिक्वेन्सी ०९७५०-१०६०० ठेवावी आणि सिग्नलचे पान उघडावे. तिथे दोन पट्ट्या असतात. एक 'स्ट्रेंग्थ', दुसरी 'क्वालिटी'. पहिली पट्टी एलएनबी जोडला की अशीच थोडी भरते, तिच्यावर भुलू नये. आपल्याला हवी ती क्वालिटी.

एकाने टीव्हीपाशी बसावे, एकाने डिशपाशी. डिश आग्नेयेला करून डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश फिरवावी, बोटभर हलवावे आणि दोन श्वास थांबावे. एका फेरीत काही लागले नाही तर डिश थोडी वर किंवा खाली करून पुन्हा फिरवावे. एक गोष्ट इथे फसवते. डिशमध्ये एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला असतो, त्यामुळे तबकडीचे तोंड दिसते त्यापेक्षा बरेच वरच्या आकाशाकडे तिची नजर असते. तेव्हा ६० अंश म्हणून ती आकाशाकडे उताणी करू नये. बरीच उभी ठेवून सुरुवात करावी.

क्वालिटी चढली की एलएनबी आपल्या पकडीत थोडा डावा-उजवा फिरवून पाहावा. जिथे पट्टी सर्वात वर जाईल तिथे थांबावे. मग बोल्ट एकेक करून आवळावे, पट्टीवर नजर ठेवून. आवळताना डिश सरकते हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शेवटी खांबावर डिशच्या कडेला रंगाची एक रेघ ओढून ठेवावी. पुढे वाऱ्याने हलली तर रेघ रेघेला जुळवली की काम झाले.

सांभाळायच्या गोष्टी

विजेच्या तारांजवळ डिश आणि शिडी नेऊ नये. ओल्या छपरावर चढू नये, आणि वर जाताना खाली एक माणूस हवाच. केबल घरात शिरण्यापूर्वी खाली झोळ देऊन मग आत घ्यावी, म्हणजे पाणी झोळातून ठिबकते, भिंतीत जात नाही. खांबाला अर्थिंग करून घ्यावे. ढग गडगडू लागले की बॉक्सचा प्लग आणि केबल दोन्ही काढून ठेवावी. मुसळधार पावसात चित्र अडखळणे हा दोष नाही. पाऊस कमी झाला की ते येते.

१ ऑगस्ट १९७५ पासून एक वर्ष आपल्या देशात उपग्रहावरून खेडोपाडी टीव्ही दाखवण्याचा 'साइट' नावाचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावे त्यात होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. तेव्हाची अँटेना कोंबड्यांच्या जाळीची, दहा फूट रुंदीची, आणि गावात एकच संच. आज तीच गोष्ट दोन फुटांच्या तबकडीने घराघरांत येते. मग ती समजून घेण्यात आपण मागे का राहावे?

आक्कांच्या डिशच्या खांबावर आता पांढरी रेघ आहे. पुढच्या महिन्यात तो गडी पुन्हा आला. आक्का ओसरीवरूनच म्हणाल्या, "फुकटच्या पाण्याला कोणी घागरीचा दर लावतं होय? जा बाबा, म्हशीला पेंड घ्यायचीय मला."