कोरियन खाऊ: आधी ठिपका, मग घास

चेन्नईत कोरियन खाऊ शोधायला फार हिंडावं लागत नाही. त्याचं श्रेय मालिकांपेक्षा मोटारींना द्यायला हवं. १९९६मध्ये ह्युंदाईची भारतीय कंपनी स्थापन झाली, श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईला कारखाना उभा राहिला आणि १९९८मध्ये पहिली सँट्रो बाजारात आली. कारखान्यामागून कोरियन कुटुंबं आली आणि त्यांच्यामागून त्यांचं वाणसामान. तिथली मुलंही वडिलांना 'अप्पा'च म्हणतात, त्यामुळे तमिळ शेजाऱ्यांशी निम्मी ओळख आधीच झालेली!

अशा दुकानात शिरलं की मुलं थेट लालभडक नूडल्सकडे धावतात. धावू द्या. आपण जरा शेजारच्या फळीकडे वळू. तिथे आपल्या ओळखीचं बरंच काही सापडतं.

मोठ्या पापडाएवढी, हलकीफुलकी, गोल चकती दिसली तर ती 'प्पोंगत्विगी'. तांदूळ फुटताना होणाऱ्या आवाजावरून हे नाव पडलं. चव म्हणाल तर आपले कुरमुरे! 'नुरुंगजी' म्हणजे भाताच्या पातेल्याच्या तळाशी लागलेली खरपूस खरवड. ज्या खरवडीसाठी घरोघरी भांडणं होतात, ती कोरियात पाकिटात मिळते. कोरडी चघळा किंवा गरम पाण्यात उकळून प्या. तिळाची 'गांगजोंग' ही चिक्कीची बहीण. गुळाऐवजी धान्याचा पाक असल्यामुळे ती बेताची गोड लागते. 'याकग्वा' मात्र सणाचा पदार्थ. कणीक तिळाच्या तेलात मळून, तळून, मधाच्या पाकात मुरवतात. अंगानं बालुशाही आणि मागून येणारी आल्याची चव आलेपाकाची.

'किम' म्हणजे भाजलेल्या समुद्री शेवाळाचे कागदासारखे पातळ तुकडे. पहिल्या घासाला समुद्राचा वास येतो, मग मीठ आणि भाजलेल्या तिळाच्या तेलाची चव. आजीला आवडेलच असं नाही, पण गरम भाताबरोबर एकदा द्यायला हरकत नाही. चेन्नईच्या दमट हवेत हे पाकीट फोडलं की लगेच संपवावं, नाहीतर मऊ पडतं. आतली ओलावा शोषणारी छोटी पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आता महत्त्वाचं. घरात कुणी शाकाहारी असेल, तर चित्र पाहून पाकीट उचलू नका. १९७१पासून चालत आलेली 'सेउक्कांग' ही कुरकुरीत कांडी दिसते बटाट्याची, पण तिच्यात कोळंबी असते. सुकट-सोडे खाणाऱ्यांना तो वास घरचाच वाटेल. इतरांचा मात्र घोटाळा होईल. नूडल्सच्या मसाल्यात गोमांस किंवा सुकी मासळी असू शकते. गोड पदार्थही सुटत नाहीत. मऊ मार्शमेलो बहुधा जिलेटिननं जमवतात आणि जिलेटिन येतं जनावरांच्या हाडा-कातड्यातून किंवा माशांपासून.

म्हणून पाकिटाची मागची बाजू बघा. रीतसर आयात केलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता, एफएसएसएआयचा परवाना क्रमांक आणि शाकाहार-मांसाहाराची खूण असते. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका म्हणजे शाकाहारी, तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण म्हणजे मांसाहारी. फक्त कोरियन अक्षरं असतील आणि हे काहीच नसेल, तर पाकीट परत फळीवर. तीळ, सोयाबीन, गहू किंवा कोळंबीची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर घटकांची यादी वाचायलाच हवी.

हिरव्या ठिपक्याची किंमत कंपन्यांनाही कळते. लॉटेनं २००४मध्ये चेन्नईची जुनी पॅरीज कन्फेक्शनरी घेतली आणि पुढे चेन्नईजवळच चोको पाय बनू लागला. भारतातल्या त्या चोको पायवर हिरवा ठिपका आहे.

पहिल्यांदाच जात असाल तर तीनच पाकिटं घ्या: एक तांदळाचं, एक तिळाचं, एक अगदी अनोळखी. घरी सगळे जमल्यावर फोडा. आणि शाकाहारी माणसाला घास देण्याआधी त्यात काय आहे ते सांगा. आपल्या विश्वासावर जो डोळे मिटून खातो, त्याच्यासाठी लेबल आपणच वाचायचं असतं.