जेमतेम मीटरभर रुंदीची वाट

नेपाळात पूर आला की आपल्या टीव्हीवर दोन-तीन दिवस तीच ती दृश्यं दिसतात. गढूळ लोंढे, वाहून जाणाऱ्या गाड्या, काठमांडूतली बुडालेली घरं. सप्टेंबर २०२४ मध्येही तेच झालं. दोनशेहून अधिक माणसं गेली. महामार्ग तुटले, वीजप्रकल्प बंद पडले, त्यांच्या बातम्या आल्या. पण असा पूर डोंगरातले पायी जायचे झुलते पूलही नेतो, त्यांची बातमी शेवटच्या ओळीत उरकली जाते. मला विचाराल तर बायकांच्या दृष्टीनं तीच पहिली बातमी.

असं का म्हणते, ते सांगते. नेपाळच्या डोंगराळ भागात घर एका काठाला आणि शाळा, दवाखाना, गिरणी दुसऱ्या काठाला, हे नेहमीचं. नदीला ओढ इतकी की होडी घालायची सोय नाही. अशा ठिकाणी दोन्ही काठांना जाड पोलादी दोर बांधून त्यावर लोखंडी पट्ट्यांची वाट करतात आणि बाजूंना तारेची जाळी लावतात. हाच ‘झोलुंगे पुल’. रुंदी जेमतेम मीटरभर. सरकारनं १९६४ साली या कामासाठी वेगळा विभाग काढला, पुढे स्वित्झर्लंडची मदत मिळाली आणि आज तिथं असे दहा हजारांच्या आसपास पूल आहेत. मोटाररस्त्यापासून कितीतरी लांब ओढून आणलेला तो दोर गावकरी रांगेनं खांद्यावर घेऊन डोंगर चढवतात. बायकाही त्या रांगेत असतात.

आमच्या रत्नागिरीकडे आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, हे अनेकींना ठाऊक असेल. त्यातल्याच एकीशी माझी ओळख झाली. गाव नेपाळच्या पश्चिमेला, सेती नदीच्या काठी. तिच्या लहानपणी गावाला पूल नव्हता, ‘तुइन’ होतं. म्हणजे नदीवर एक तार, तिला लटकवलेली फळी आणि हातानं ओढत जायचं. कप्पीत बोटं सापडून तुटलेली माणसं तिनं पाहिलीत. ‘दिदी, पावसात आई मुलग्यांना तरी पाठवायची. मला नाही,’ ती हिंदीत म्हणाली. तिची शाळा तिसरीतच संपली. पुढे पूल झाला. तिची धाकटी बहीण त्यावरून रोज गेली आणि दहावी झाली. आई तीच, घर तेच, गरिबीही तीच. मध्ये फक्त एक पूल आला. घरी पत्र आलं की थोरली अजून दुसऱ्याकडून वाचून घेते.

पुलावरचं बालपण सांगताना मात्र ती हसत सुटते. मुद्दाम उड्या मारून पूल हलवायचा आणि पलीकडून येणाऱ्या म्हातारीच्या शिव्या खायच्या! बकऱ्यांचा कळप आला की जाळीला चिकटून उभं राहायचं. पाठीवर ‘डोको’, म्हणजे बांबूची टोपली, घेऊन कुणी येत असेल तर रिकाम्या हातानं येणाऱ्यानं थांबायचं, हा तिथला अलिखित नियम. त्या टोपलीचा पट्टा कपाळावर असतो. आत कधी गवत, कधी लाकूडफाटा, कधी आजारी माणूसही.

आता या गावांतले बरेच पुरुष मलेशियाला, आखातात किंवा आपल्याकडे कामाला असतात. मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं आणि मुलं, सगळं बाईच्या अंगावर. पूल गेला तर फेरा तिच्या पायांना पडतो आणि फेरा वाढला की सगळ्यात आधी मुलीची शाळा सुटते.

राज्यकर्त्यांना हे कळत नाही असं नाही. २०१५ साली पंतप्रधान झाल्यावर के. पी. ओली यांनी दोन वर्षांत सगळी तुइनं हटवू, असं जाहीर केलं. पुष्कळ ठिकाणी पूल झालेही. तरी जुलै २०२१ मध्ये दार्चुला जिल्ह्यात महाकाली नदी तुइनवरून ओलांडणारा एक तरुण वाहून गेला.

पण पूल बांधून काम संपत नाही. दोर गंजतात, नटबोल्ट सैल होतात, पट्ट्या निघतात. डिसेंबर २००७ मध्ये सुर्खेत जिल्ह्यात भेरी नदीवरचा झुलता पूल जत्रेच्या गर्दीनं कोसळला आणि माणसं दगावली. आता ही देखभाल मुख्यतः तिथल्या गावपालिका-नगरपालिकांकडे आहे. त्यांना मोह असतो तो डोझर लावून मोटाररस्ता काढायचा, कारण उद्‌घाटन रस्त्याचं होतं, नटबोल्ट आवळण्याचं कोण करणार? आणि हे कच्चे रस्ते पावसात दरडी खाली आणतात, ते वेगळंच.

एक आशेची गोष्ट मात्र आहे. तिथल्या कायद्यानुसार प्रत्येक वॉर्डात किमान दोन बायका निवडून येतात आणि त्यातली एक दलित असावी लागते. गावकऱ्यांच्या उपभोक्ता समितीत ३३ टक्के बायका हव्यात, असाही नियम आहे. आता कागदावरची बाई आणि बोलणारी बाई यांत किती अंतर असतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सही तिची आणि निर्णय दिराचा, हे आपल्याही ग्रामपंचायतीत चालतंच की! पण निदान खुर्ची आहे. त्या खुर्चीवरून पुलाच्या देखभालीचा पैसा दरवर्षी वेगळा काढून ठेवायला सांगता येतं.

हे लांबचं वाटत असेल तर १५ जून २०२५ आठवा. मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पडला, चार जण गेले. तो धोकादायक आहे हे आधीच माहीत होतं, तसा फलकही होता. कोकणात तर ओढ्यावरच्या साकवाचं लाकूड कुजलंय हे सगळ्या वाडीला ठाऊक असतं आणि तरी पाऊस सुरू झाला की त्यावरूनच मुलं शाळेत जातात.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या ग्रामसभेला जाल तेव्हा एवढंच विचारा: आपला साकव शेवटचा कधी तपासला, आणि तपासणाऱ्याचं नाव काय? उत्तर लेखी मागा.