पुढच्या माणसासाठी लाकूड



ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का आमच्या घरी आली. चहा समोर तसाच ठेवून बोलायला लागली. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, गेली काही वर्षे न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला नोकरी करतो. तिकडे गुड फ्रायडेपासून ईस्टर सोमवारपर्यंत सलग चार दिवस सुट्टी असते. ती सुट्टी लागताच हा पाठीवर पिशवी टाकून डोंगरात गेला. क्रुसाची वाट नाही, ईस्टरच्या रात्रीची मिस्सा नाही, आणि फोनही लागत नाही. अक्का म्हणाली, "तू गावातल्या सगळ्या पोरांना धर्मशिक्षण देतोस. माझ्या पोराला दोन शब्द सांग की!"

मी दोन नव्हे, चांगले चाळीस शब्द लिहून पाठवले. त्यातले एक वाक्य असे होते की डोंगरातल्या खोप्या मोजून कोणाला स्वर्गात जागा मिळत नाही. दोन दिवसांनी त्याचे उत्तर आले. ते वाचल्यापासून माझ्या मनात जे घोळते आहे, ते आज तुमच्यापुढे मांडतो. माझ्या चाळीस शब्दांपैकी निम्मे मला परत घ्यावे लागणार आहेत, हे आधीच सांगून टाकतो.

आधी त्याचा छंद काय ते समजून घेऊ. न्यूझीलंडच्या डोंगरदऱ्यांत, गाडीरस्त्यापासून एक-एक दोन-दोन दिवसांच्या चालीवर, निवाऱ्याच्या लहान लहान खोल्या आहेत. तिकडे त्यांना हट म्हणतात. आपल्या शेतातल्या खोपीची ही थोरली बहीण म्हणा. सरकारच्या निसर्ग संवर्धन खात्याकडे अशा साडेनऊशेहून अधिक खोप्या आहेत. त्यांतल्या पुष्कळशा १९५० नंतरच्या काळात वनखात्याने बांधल्या, त्याही प्रवाशांसाठी नव्हे. परदेशातून आणून सोडलेली हरणे बेसुमार वाढली, रानाची धूप होऊ लागली, म्हणून हरणे मारायला नेमलेल्या शिकाऱ्यांसाठी त्या होत्या. पुढे शिकारी कमी झाले आणि पायी भटकणारे वाढले. आत गाद्या टाकलेले लाकडी बाक, एक टेबल, बऱ्याच ठिकाणी शेगडी, बाहेर पावसाचे पाणी साठवायची टाकी आणि थोड्या अंतरावर संडास. एवढेच. राखणदार बहुतेक ठिकाणी नसतो आणि दाराला कुलूप नसते. मोजक्या गर्दीच्या वाटा सोडल्या तर आधी जागा राखून ठेवायची सोयही नसते. जो येईल तो आत येतो, आणि आधी आलेले सरकून जागा करतात.

अशा जास्तीत जास्त खोप्यांना भेट द्यायची, यादी ठेवायची, हा तिकडे एक छंदच झाला आहे. माझ्या भाच्याच्या यादीत एकसष्ट झाल्या आहेत. शंभर करायच्या आहेत.

आता त्याचे उत्तर. शनिवारी दिवसभर पाऊस होता. खोपीवर पोचला तेव्हा अंधार पडला होता आणि अंगावरचे सगळे ओले होते. दार ढकलले. शेगडीजवळ कोणीतरी कोरडे लाकूड रचून ठेवले होते, वर ढलप्यांची जुडी. पाच मिनिटांत जाळ झाला. टेबलावरच्या वहीत चार दिवसांपूर्वीची दोन नावे होती आणि खाली एक ओळ, लाकूड आत ठेवले आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ईस्टरच्या रविवारी, नदीला लोंढा आला. त्या देशात पूर आलेली नदी ओलांडायला जाऊन इतके लोक बुडाले आहेत की एके काळी बुडून मरण्यालाच 'न्यूझीलंडचे मरण' म्हणत. तो थांबला. दिवसभर करवत आणि कुऱ्हाड घेऊन ओले लाकूड फोडून आडोशाला रचत बसला. त्याने लिहिले होते, "मामा, माझ्यासाठी लाकूड कोणी ठेवलं ते मला माहीत नाही. मी ठेवलेलं कोण जाळेल तेही कळणार नाही. पण त्या दिवशी मला ईस्टर चुकला असं वाटलं नाही."

या शेवटच्या वाक्यावर माझा त्याच्याशी वाद आहे, आणि तो मी सोडणार नाही. ईस्टरला त्याने डोंगरात जायला नको होते. रविवारची मिस्सा हे आपले कर्तव्य आहे. आजारपण, तान्हे मूल, पूर आलेली नदी अशा खऱ्या अडचणीत जो पोचू शकत नाही त्याला ख्रिस्तसभा दोष देत नाही. पण अडचण वेगळी आणि बेत वेगळा. नदीला पूर आला ही अडचण होती, चार दिवसांची वाट आधीच आखली हा बेत होता. शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारचे कर्तव्य पुरे करते, हे आपल्या तरुणांना पुष्कळदा ठाऊकच नसते. ती घेऊन रविवारी पहाटे निघा, किंवा रविवारी दुपारपर्यंत उतरून संध्याकाळच्या मिस्सेला या. डोंगर कुठे जात नाही.

दुसरी हरकत मोजण्याला. दाविदाने लोकांची गणती केली आणि नंतर त्याचे मन त्याला खाऊ लागले, ही गोष्ट शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. देवाने दिलेले मोजायला घेतले की ते आपण मिळवलेले वाटू लागते. एकसष्ट खोप्यांपैकी किती ठिकाणी तो खरोखर राहिला आणि किती ठिकाणी दार उघडून, वहीत नाव लिहून, पुढे पळाला? मी विचारले तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की निम्म्याहून अधिक ठिकाणी पळालाच. आपण तरी वेगळे काय करतो? घाईने मणी सरकवून रोझरी संपवली की संपवल्याचे समाधान मिळते, आणि मरियेच्या शेजारी पाच मिनिटे बसायचे राहून जाते.

या दोन हरकती ठेवून बाकीचे शब्द मी परत घेतो, कारण त्या रात्री माझ्या भाच्याला जे कळले ते मी वीस वर्षे धर्मशिक्षणाच्या वर्गात शिकवतो आहे आणि मला मात्र ते नीट कळलेले नव्हते.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकात शुनेमची बाई आहे. अलीशा येता-जाता तिच्याकडे थांबतो म्हणून ती नवऱ्याला सांगून गच्चीवर एक लहान खोली बांधवते आणि आत चार वस्तू ठेवते: बाज, मेज, बैठक आणि दिवा. मी मुलांना त्या चार वस्तू पाठ करायला लावतो. पण विचार करा, ती बाई प्रत्येक वेळी दारात उभी राहून स्वागत करत नव्हती. तिने जागा तयार ठेवली होती, हेच तिचे आदरातिथ्य. आल्प्स पर्वतात सुमारे २,४७० मीटर उंचीच्या खिंडीत संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात वाटसरूंसाठी निवारा उभारला. तिथले धर्मबंधू आजही येणाऱ्याला घरात घेतात. स्वतः तरुणपणी गिर्यारोहक असलेल्या पोप अकरावे पायस यांनी १९२३ साली याच संतांना गिर्यारोहकांचे आश्रयदाते म्हणून घोषित केले. म्हणजे डोंगर चढणाऱ्यांसाठी ख्रिस्तसभेने जो संत निवडला, तो शिखर जिंकणारा नव्हता. तो दार उघडे ठेवणारा होता.

नुसते मन चांगले असून मात्र भागत नाही. त्याच न्यूझीलंडमध्ये २८ एप्रिल १९९५ रोजी केव्ह क्रीक येथे दरी पाहण्यासाठी बांधलेला लाकडी सज्जा कोसळला. चौदा जण गेले, त्यांत तेरा विद्यार्थी होते. जिथे बोल्ट हवे होते तिथे खिळे मारले होते, आणि जाणकार अभियंत्याने ते काम तपासलेलेच नव्हते. सेवा म्हणून केलेले कामही पक्के लागते. सणाचा मांडव घालणाऱ्या आपल्या स्वयंसेवकांनी हे विसरू नये. 'देवाचे काम आहे, चालून जाईल' हे वाक्य आपल्या तोंडी फार असते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीकडे येतो. दोन वर्षांपूर्वी आपल्या चर्चमधली दानपेटी कोणी फोडली. सभेत चर्चला कुलूप घालायचे ठरले, आणि आधी हात वर करणाऱ्यांत मी होतो. तेव्हापासून मिस्सेच्या वेळा सोडल्या तर दार बंद असते. गेल्या पावसाळ्यात धर्मशिक्षणाच्या वर्गासाठी मी किल्ली घेऊन आलो, तर वळचणीला एक म्हातारी बाई ओल्या पदराने उभी होती. शेजारच्या गावची. लेक दवाखान्यात होती, बसला अवकाश होता, मेणबत्ती लावायची होती. तासभर उभी होती. मी दार उघडले, "या मावशी" म्हणालो आणि वर्गाकडे निघून गेलो. त्या दिवशी मला काहीच वाटले नाही. भाच्याचे पत्र वाचताना ती बाई आठवली.

रानात, जिथे मैलोन् मैल कोणी नाही, तिथे दार उघडे. आणि जिथे स्वतः प्रभू पवित्र मंजुषेत वाट पाहतो, तिथे कुलूप. आणि ते मी घातलेले.

कोणी म्हणेल, चोर आपल्याकडे आहेत. आहेत. पण त्या खोप्यांत चोरण्यासारखे काही ठेवतच नाहीत. आपणही दानपेटी फादरांच्या ऑफिसात हलवू या. मौल्यवान पात्रे कपाटात जातील, मंजुषेची किल्ली जशी आजही नीट ठेवतात तशीच राहील. सकाळी सहा ते संध्याकाळी सात दार उघडे ठेवायचे. रोज एका घराने लक्ष द्यायचे, झाडलोट करायची, मेणबत्त्या आणि काडेपेटी पाहून ठेवायची. येत्या सभेत मी हे मांडणार आहे. पहिला आठवडा माझ्या घराचा.

आणि एक वही. खोपीतल्या त्या वहीला तिकडे 'इंटेन्शन्स बुक' म्हणतात. पुढे कुठे जाणार ते प्रत्येकाने त्यात लिहायचे, म्हणजे कोणी हरवला तर शोधणाऱ्यांना वाट सापडते. हा शब्द वाचून मी हसलो, कारण मिस्सेसाठी आपण नाव देतो त्यालाही इंटेन्शनच म्हणतो. दाराजवळ एक वही ठेवू. येणाऱ्याने मनातले लिहावे, आणि मागून येणाऱ्याने ते वाचून त्याच्यासाठी प्रार्थना करावी. ती म्हातारी मावशी त्यात लेकीचे नाव लिहून गेली असती, तर आज आपण कोणासाठी प्रार्थना करायची ते आपल्याला ठाऊक असते.

अक्काला मी हे सगळे सांगितले. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "लाकूड फोडलं म्हणे त्यानं? घरी कधी एक ढलपी उचलली नाही." भाच्याला मी नवा निरोप पाठवला आहे: शनिवारची मिस्सा घे, आणि बासष्टाव्या खोपीत रात्रभर राहा.

हे प्रभो, जन्मताना तुला धर्मशाळेत जागा मिळाली नाही. आमच्या दारांची कुलपे काढ. आमच्या आधी येऊन ज्यांनी आमच्यासाठी लाकूड रचून ठेवले त्यांना तुझी शांती दे, आणि आमच्यामागून येणाऱ्यासाठी थोडे ठेवून जाण्याची बुद्धी आम्हांला दे. आमेन.