वाळू टाकली, पुढे काय?

भर पावसाळ्यात कोकणातल्या एखाद्या उघड्या पुळणीवर गेलात, तर किनारा निम्मा झालेला दिसतो. काळजी नको. खवळलेल्या समुद्राने ओढलेली बरीचशी वाळू जवळच, पाण्याखाली पडून असते. पावसाळा सरला की लांबून येणाऱ्या संथ लाटा ती हळूहळू परत आणून टाकतात. समुद्र उधारी फेडतो!

पण सगळीकडे नाही. ऑस्ट्रेलियातलं मेलबर्न ज्या पोर्ट फिलिप उपसागरावर वसलंय, तो सुमारे १,९०० चौरस किलोमीटरचा. त्याचं तोंड मात्र जेमतेम तीन किलोमीटर. महासागराच्या लांब लाटा मेलबर्नपर्यंत पोचतच नाहीत. तिथल्या लाटा उपसागरातच वाऱ्याने उठतात, आखूड, घाईच्या. वादळात त्या वाळू खाली ओढतात, पण खोलात गेलेली वाळू परत वर आणायची ताकद त्यांच्यात नसते. गेली ती गेली.

म्हणून तिथे १९७० च्या दशकापासून अनेक किनाऱ्यांवर बाहेरून वाळू आणून टाकली जाते. पुढे काय होतं? आधी लाटा नव्या भरावाला कापून उभी पायरी पाडतात. बारीक वाळू लवकर निघून जाते, जाडी जास्त टिकते. शिवाय पूर्व किनाऱ्यावर वाळू उन्हाळ्यात उत्तरेकडे आणि हिवाळ्यात दक्षिणेकडे सरकते. ही ये-जा अडली की गणित बिघडतं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला सँडरिंगहॅम बंदराची भिंत झाली. हिवाळ्यात दक्षिणेला आलेली वाळू बंदरात अडकली आणि शेजारच्या हॅम्प्टनचा किनारा रोडावला.

खरी गोम इथेच आहे. आडोशाच्या किनाऱ्यावर रोजचा बदल इतका कमी असतो, की वर्षभर सगळं ठीक वाटतं. मग एकच वादळ येतं आणि भराव खचतो. शांत किनारा म्हणजे सुरक्षित किनारा नव्हे.

आपल्याकडे किनारा खचला की पहिली मागणी धूपप्रतिबंधक बंधाऱ्याची होते. त्यापेक्षा वाळू भरणं केव्हाही सौम्य, हे मान्य. पण खाडीच्या आत, आडोशाला ते एकदाच करून हात झटकायचं काम नाही. घराच्या कौलांसारखी त्याची डागडुजी करत राहावी लागते. म्हणून उद्घाटनाच्या दिवशीच विचारायला हवं : दरवर्षी मोजणार कोण? दुसऱ्या खेपेचे पैसे कुठून येणार?

मोजायला तर तुम्हीही लागू शकता. के. ओ. एमरी या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये सांगितलेली पद्धत अगदी सोपी आहे. सारख्या उंचीच्या, खुणा केलेल्या दोन काठ्या घ्यायच्या आणि क्षितिजाची रेषा धरून उतार मोजत पाण्यापर्यंत जायचं. महिन्यातून एकदा, ओहोटीला, त्याच जागी. खर्च एका वडापावचा!

पुढच्या वेळी किनाऱ्यावर जाल तेव्हा सेल्फी जरूर काढा. सोबत दोन काठ्या आणि एक वही असू द्या. तुमच्या किनाऱ्याचं काय झालं, हे सांगायला कुणाकडे तरी आकडे असायला हवेत ना?