स्कॅनर कुणाचा?

परवा सोसायटीच्या गेटवरच्या फुलवाल्या मावशींनी थांबवलं. "दादा, तुम्ही कंप्युटरमधले ना? मला एक स्कॅनर करून द्या."

स्कॅनर (म्हणजे क्यूआर कोड, सगळं पुणं त्याला स्कॅनरच म्हणतं) तर टपरीवर आधीच लटकत होता! "तो मुलाचा आहे हो. पैसे त्याच्याकडं पडतात."

म्हणजे बघा, दिवसभर हार विकायचे ह्यांनी, आणि पहाटे मार्केट यार्डात झेंडू-शेवंती आणायला रोख हवी म्हणून आदल्या रात्री मुलाकडे मागायची. मुलगा वाईट नाही, देतो. पण "कालच तर दिले होते" हे ऐकून घ्यावं लागतंच. रोखीच्या काळात हाच पैसा पदराला बांधलेला असायचा.

मला वाटलं, दहा मिनिटांचं काम. कसलं काय! त्या कोडात असते फक्त एक ओळ मजकूर: पैसे कुठे पाठवायचे तो यूपीआय पत्ता आणि नाव. कोड बनवणं हा सगळ्यात सोपा भाग. पण पत्ता उघडायला बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर हातात पाहिजे, आणि मावशींच्या खात्याला नंबर होता मुलाचाच. पहिल्या शनिवारी गेलो तर महिन्यातला दुसरा शनिवार, बँक बंद. (इंजिनियर!) मग सुट्टी टाकून नंबर बदलायचा फॉर्म भरला, काही दिवसांनी नंबर बदलला, मग अ‍ॅप, मग पिन. दुकानदार म्हणून नोंदणी केली आणि मराठीत बोलणारा डबाही घेतला. खात्यातून खात्यात येणाऱ्या यूपीआय पैशांवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराला कमिशन पडत नाही, पण डब्याचं महिन्याचं भाडं पडतं. तरी घ्याच म्हटलं. मावशींना मेसेज वाचता येत नाही, आणि गिऱ्हाईक मोबाइलवर काय दाखवतंय ते खरं की खोटं, गर्दीत कोण बघणार? एक गोष्ट मात्र तीनतीनदा घोकून घेतली: पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. कुणी टाकायला सांगितला तर तो चोर.

माझं स्पष्ट मत आहे, आपण उत्साहाने कुणाला "क्यूआर लावा हो" सांगतो तेव्हा आधी विचारायला हवं की खातं कुणाचं आणि फोन कुणाच्या हातात? २०१६ साली यूपीआय आल्यापासून आपण सुट्ट्या पैशांची कटकट गेली म्हणून खूश आहोत. गल्ल्यावर बसणारीच्या हातातून गल्लाच गेला, हे माझ्या तरी डोक्यात कधी आलं नव्हतं. रोज तिथूनच गजरा घेत होतो, तोच कोड स्कॅन करून.

असो. डबा आता "दहा रुपये प्राप्त झाले" म्हणून ओरडतो. मुलगा दोन दिवस घुश्शात होता, आता बोलतो म्हणे. जुना स्टिकर मात्र अजून तिथेच आहे, आणि सवयीने निम्मी गिऱ्हाइकं त्यावरच पैसे टाकतात. मावशी म्हणतात, राहू दे. मी म्हणतो, काढा. येत्या रविवारी पुन्हा विचारणार आहे.