डोळे येणे, डोळे जाणे

मराठीत डोळे येतात आणि डोळे जातातही. जाण्याची धास्ती सर्वांनाच असते; येण्याकडे मात्र आपण पाहुण्यासारखे पाहतो. आला आहे, चार दिवस राहील आणि जाईल. काळा चष्मा, गुलाबपाण्याच्या घड्या, शेजाऱ्याकडे उरलेली थेंबांची कुपी, एवढ्यावर भागते. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रात घरोघरी डोळे आले, तेव्हाही हेच झाले. ती साथ विषाणूंची होती आणि बहुतेकांची आपोआप ओसरली. पण त्यामुळे लाल झालेला प्रत्येक डोळा एकाच कारणाने लाल होतो, हा समज अधिकच घट्ट झाला.

या लालीमागे दडणाऱ्या कारणांपैकी एकाचे नाव आहे मायक्रोस्पोरिडिया. हे परजीवी इतके लहान, की डोळ्यात सापडणाऱ्या जातींचा बीजाणू एक ते चार मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या हिशेबातला. त्याच्या पोटात एक पोकळ नळी स्प्रिंगसारखी गुंडाळून ठेवलेली असते. पेशी जवळ आली की ही नळी पापणी लवायच्या आत बाहेर फेकली जाते, पेशीत घुसते आणि बीजाणूतला सगळा ऐवज त्या नळीतून आत उतरतो. मग भाडेकरू घरमालकाच्याच धान्यावर वाढतो. शास्त्रज्ञ यांना बरीच वर्षे आदिजीव समजत. आता त्यांचे नाते बुरशीशी जोडले जाते.

माणसाला यांची ओळख झाली ती रेशमामुळे. १८५७ साली नेगेली या शास्त्रज्ञाने रेशमाच्या अळीतील परजीवीला नाव दिले. त्या काळात फ्रान्समधले रेशीम-शेतकरी देशोधडीला लागत होते. अळ्यांच्या अंगावर मिरपूड उधळल्यासारखे काळे ठिपके पडत आणि त्या मरत. १८६५ मध्ये लुई पाश्चर या कामासाठी दक्षिणेतल्या आलेस गावी गेला. रेशमाच्या किड्याशी त्याचा तोवर काहीही संबंध आला नव्हता. त्याने काढलेला उपाय कोणत्याही औषधाचा नव्हता, पाहण्याचा होता. मादी पतंगाने अंडी घातली की तिला पाण्यात चिरडायचे, तो थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि त्यात परजीवी दिसले तर तिची सगळी अंडी नष्ट करायची. रेशमाचे अंडीपुंज तयार करणाऱ्या केंद्रांत मादी पतंगाची ही तपासणी आजही होते.

माणसाच्या डोळ्यातली पहिली ठळक नोंद त्यानंतर शतकभराने झाली, आणि तीही आपल्या शेजारची. १९७३ साली ॲश्टन आणि विरसिंघ यांनी श्रीलंकेतल्या अकरा वर्षांच्या एका तमिळ मुलाची हकिकत प्रसिद्ध केली. सहा वर्षांपूर्वी त्याला बकरीने शिंग मारले होते. त्याच्या कॉर्नियात, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, हे परजीवी आढळले. पुढे एड्सच्या रुग्णांत असे संसर्ग दिसू लागले आणि हा प्रतिकारशक्ती खचलेल्यांचाच आजार आहे, असे मानले जाऊ लागले. तसे नाही. एप्रिल २०१२ मध्ये सिंगापूरला रग्बीची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तेव्हा चिखलात खेळलेल्या चाळीसहून अधिक धडधाकट लोकांचे डोळे याच कारणाने आले. हैदराबाद आणि भुवनेश्वर येथील एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेच्या डॉक्टरांनीही निरोगी माणसांतले असे रुग्ण मोठ्या संख्येने नोंदवले आहेत, आणि त्यांची गर्दी होते ती पावसाळ्यात. गढूळ पाणी, माती, डोळ्याला झालेली इजा यांच्याशी त्याचा संबंध दिसतो. भातलावणीत गुडघाभर चिखलात उभ्या असलेल्या बाईच्या डोळ्यात शिंतोडा उडाला, तर ती पदराने डोळा पुसते आणि पुढचा आवा उचलते.

या संसर्गाचे दोन अवतार आहेत. पहिला वरवरचा. बहुधा एकच डोळा लाल होतो, पाणी येते, आत काहीतरी खुपते आणि डॉक्टरांच्या यंत्राखाली बुबुळावर रव्याचे कण चिकटवल्यासारखे ठिपके दिसतात. तो बहुधा काही आठवड्यांत आपला आपण बरा होतो. भुवनेश्वरच्या डॉक्टरांनी औषधी थेंब आणि नुसते निरुपद्रवी थेंब यांची तुलना केली, तेव्हा दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. (औषध उपयोगी पडले नाही, हे छापण्याचा प्रामाणिकपणा दुर्मिळ, म्हणून हा उल्लेख.) दुसरा अवतार खोलवरचा. तो कॉर्नियाच्या गाभ्यात महिनोन्‌महिने मुरतो, नागिणीच्या विषाणूने होणाऱ्या आजारासारखा दिसतो आणि औषधांना सहसा दाद देत नाही. डोळ्यात फूल पडते आणि बऱ्याचदा कॉर्निया बदलण्याची वेळ येते.

खरा धोका आहे तो न पाहता डोळ्यात टाकल्या जाणाऱ्या थेंबांचा. स्टेरॉइडच्या थेंबांनी लाली झटकन उतरते. रोगी खूश, दुकानदारही खूश. पण ते औषध शरीराचा पहारा झोपवते, आणि पहारा झोपला की आतल्या जंतूचे फावते. लांबण लागली तर काचबिंदू आणि मोतीबिंदू वेगळेच. हे थेंब चिठ्ठीवाचून विकू नयेत असा कायदा आहे. तो कसा पाळला जातो, हे प्रत्येक वाचकाला आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानापुरते ठाऊक आहे. बँकेत आम्ही शंभर रुपयांचा चेकसुद्धा सही ताडून पाहिल्याशिवाय पास करत नव्हतो. इथे डोळा पास होतो तो काउंटरवरच्या पोऱ्याच्या तोंडी शब्दावर.

ताडून पाहणे अवघडही नाही. डोळा बधिर करून बुबुळाचा वरचा थर हलकेच खरवडायचा, काचपट्टीवर पसरायचा, रंगवायचा आणि पाहायचा. उत्तर त्याच दिवशी मिळते. रेशमाच्या पतंगाला मिळणारी ही वागणूक तालुक्याच्या गावी माणसाच्या डोळ्याला मिळत नाही, याला पैशाची अडचण म्हणता येणार नाही. क्षयाच्या थुंकीसाठी सूक्ष्मदर्शक बहुतेक ठिकाणी आहे, तंत्रज्ञ आहे, रंगही आहे. त्याच रंगात हे बीजाणू लालबुंद उठून दिसतात. क्षयासाठी काचपट्टी २५ टक्के आम्लाने धुतात, यासाठी १ टक्का पुरते. उणीव आहे ती खरवडून देणाऱ्या नेत्रतज्ज्ञाची. आठवड्यातून एक दिवस, निदान जून ते सप्टेंबर, जिल्ह्याच्या रुग्णालयातून तो पाठवता येईल का, हे आरोग्य खात्याने सांगावे.