संकेतस्थळाचा खर्च : लागणीचा आणि खोडव्याचा



आपल्या कार्यक्षेत्रात आता उसाच्या जोडीला घरोघरी काही ना काही धंदा निघू लागला आहे. कुणाची सून शेवया-पापड करते, कुणाचा मुलगा खव्याचे पेढे करतो, कुणी गुळाची पावडर पाकिटात भरतो. चांगलीच गोष्ट आहे. परंतु धंदा निघाला की लगेच, "तुमची वेबसाइट काढून देतो, एकरकमी एवढे टाका," असे म्हणणारा दारात उभा राहतो आणि ऊसबिलाचा हप्ता तिकडे वळतो. म्हणून हे चार शब्द.

संकेतस्थळ काढूच नका, असे आमचे म्हणणे नाही. पण त्याचा हिशेब आपण बोअरसारखा करतो, एकदा पाडला की झाले! तो करायला पाहिजे उसासारखा. लागणीचा खर्च वेगळा आणि खोडव्याला दरसाल पाणी-खत वेगळे.

संकेतस्थळाचे नाव, ज्याला डोमेन म्हणतात, ते विकत मिळत नाही, मुदतीने मिळते. साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर वर्षाला. पहिल्या वर्षी स्वस्तात देतात आणि दुसऱ्या वर्षी दर चढतो, तेव्हा विचारायचे ते दुसऱ्या वर्षाचे. मुदत चुकली आणि नूतनीकरण झाले नाही, तर तेच नाव दुसरा कुणीही घेऊ शकतो. त्याशिवाय होस्टिंग, म्हणजे संकेतस्थळ ज्या यंत्रावर राहते त्या जागेचे भाडे. लहान धंद्याला सालाला दोन ते पाच हजार धरा. वर सेवेवर १८ टक्के जीएसटी. ज्याची नोंदणी नाही त्याला तो परत मिळत नाही, म्हणून भाव कर धरून की सोडून, हे आधीच ठरवावे. सुरक्षिततेच्या प्रमाणपत्राचे वेगळे पैसे कुणी मागितले तर जरा थांबा. २०१५ पासून ते फुकट देणारी संस्था आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ते नाव कुणाच्या नावावर आहे? जमीन घेताना आपण सातबारा बघतो, इथे मात्र बनवणाऱ्याच्याच मोबाइलवर आणि ईमेलवर सगळे सोडून देतो. उद्या त्याच्याशी बिनसले, की पाटी तुमची आणि दुकान त्याचे! नोंद स्वतःच्या ईमेलवर, पासवर्ड स्वतःच्या वहीत. पैसे देण्याआधी एवढे करून घ्याच.

खव्याचेच बघा. भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, जिल्ह्याचे नाव झाले. पण खवा उन्हाळ्यात टिकतो किती? पुण्याहून मागणी आली तर बर्फ, डबा, गाडीभाडे कुणी धरले? संकेतस्थळ मागणी आणते, माल पोचवत नाही. आमच्या मते पहिल्या वर्षी पैसा घालावा तो पॅकिंगवर, अन्न परवान्यावर आणि चांगल्या फोटोंवर. तोवर व्हॉट्सॲप बिझनेस आणि गूगलच्या नकाशावरची नोंद पुरे आहे, दोन्ही फुकट. कळंबच्या बाहेरून महिन्याला पाच-पंचवीस मागण्या यायला लागल्या, की मग काढा. तेही चार पानांचे साधे. कार्डाने पैसे घ्यायची सोय ठेवली तर शेकडा दोनच्या आसपास कपात जाते, ती विक्रीच्या भावात धरावी लागते. आणि यातल्या कशासाठीही सोसायटीचे पीककर्ज वापरू नये, हे सांगायला नको. पण वापरतात बरं का.

दुसरी एक सूचना. १९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला, तो काही कुणा एकट्याच्या ऐपतीचा नव्हता. शिराढोण, इटकूर, मोहा इथल्या दहा घरांनी मिळून एकच संकेतस्थळ चालवले तर नावाचा आणि भाड्याचा दरसालचा बोजा एका घराला काही शेकड्यांवर येतो. आता दोन घरचा पाहुणा उपाशी, ही भीती खरी आहे. भाव बदलला तर तो चढवायचा कुणी, रात्री नऊला गिऱ्हाइकाचा फोन आला तर घ्यायचा कुणी? त्यासाठी गटातल्याच एका मुलीला किंवा मुलाला महिन्याला ठरलेले मानधन द्यावे लागेल, आणि ते अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहावे लागेल.